मांजराच्या कच्च्या खाद्याची पारख

अमेरिकेत मांजर पाळणाऱ्या पुष्कळ घरांतून कोरड्या दाण्यांऐवजी कच्च्या मांसाचे गोठविलेले तयार खाद्य देण्याचा प्रघात अलीकडे रूढ होत आहे. मांजर हे जन्मजात मांसभक्षक असल्यामुळे या पसंतीमागे काही तथ्य आहे, यात शंका नाही; परंतु वेष्टनावर मांसाचे नाव ठळक छापले म्हणजे त्या प्राण्याच्या पोषणाची तजवीज झाली, असे मानणारा धनी आपल्या मुक्या आश्रिताचे हित धोक्यात घालतो.

वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी, असा तेथील दंडक आहे. मात्र हे वजन पाण्यासह धरलेले असल्यामुळे रसाळ मांस साहजिकच अग्रस्थानी येते. कच्च्या खाद्यात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. म्हणून १५ टक्के प्रथिन दाखविणाऱ्या अशा खाद्यातील पाणी वजा केले, तर उरलेल्या शुष्क भागात प्रथिनाचे प्रमाण ५० टक्के भरते. प्रौढ मांजरासाठी अमेरिकन मानकाने ठरविलेली किमान मर्यादा शुष्क भागाच्या २६ टक्के आहे, तेव्हा प्रथिनाची वाण येथे सहसा पडत नाही.

वाण पडते ती यादीच्या शेपटाकडील बारीक अक्षरांतल्या द्रव्यांची, आणि नेमकी तीच नावे रासायनिक वाटतात म्हणून ग्राहक त्यांना बिचकतो. त्यांतले टॉरिन सर्वांत महत्त्वाचे. ते पुरेसे न मिळाल्यास मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. आणि १९८७ साली डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, हृदयाचे स्नायू शिथिल होऊन मांजरे दगावत होती त्याचे कारणही टॉरिनची उणीव हेच होते. ती मांजरे बाजारातले प्रतिष्ठित खाद्य खात होती. कच्च्या मांसात टॉरिन असतेच, असा युक्तिवाद केला जातो. पण पुढे त्याच विद्यापीठात मांजरांना सबंध ससा दळून कित्येक महिने खाऊ घातला असता एक मांजर याच हृदयविकाराने मेले. प्राण्याचे हृदय आणि कोंबडीच्या मांडीचे गडद मांस यांत हे द्रव्य विपुल असते, छातीच्या पांढऱ्या मांसात बेताचेच. म्हणून यादीत टॉरिन स्वतंत्रपणे घातलेले दिसावे, हा माझा आग्रह आहे.

त्याखालोखाल कॅल्शियमचा उगम पाहावा. निव्वळ मांसात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस पंधरा-वीसपट असतो, त्यामुळे दळलेली हाडे किंवा कॅल्शियमचा क्षार नसलेल्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात. काळीज हवेच, कारण गाजरातील रंगद्रव्यापासून अ-जीवनसत्त्व बनविण्याची शक्ती मांजराला नाही; परंतु त्याचा अतिरेक झाला तर मानेचे मणके जखडतात. काही जातींच्या कच्च्या माशांतील एक विकर ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते, याचेही भान असावे.

यादीत न दिसणारी बाब जंतूंची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात कच्च्या पशुखाद्याचे १९६ नमुने तपासले, तेव्हा १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया आढळले. गोठविल्याने हे जंतू नष्ट होत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये ओरेगॉन राज्यात बर्ड फ्लूने मेलेल्या एका घरपाळीव मांजराचा संसर्ग टर्कीच्या कच्च्या गोठविलेल्या खाद्याशी जुळला आणि तो माल परत मागवावा लागला. काही कारखानदार प्रचंड दाबाखाली मांसातील जंतूंचे प्रमाण घटवितात. ती प्रक्रिया केली आहे किंवा नाही, हे उत्पादकास लेखी विचारावे.

तात्पर्य काढावयाचे ते खरेदीपुरते: ‘संपूर्ण व संतुलित’ असा दाखला आणि तो कोणत्या वयाच्या मांजरास लागू आहे हे वेष्टनावर नसेल, तर ते खाद्य रोजच्या आहारासाठी घेऊ नये. ज्या घरात तान्हे मूल, गर्भवती स्त्री अथवा वृद्ध माणूस आहे, त्या घरात मांजराला शिजविलेले संपूर्ण खाद्यच द्यावे.