वर्धकास लगाम

दूरध्वनीच्या तारेंतून निघालेला आवाज अंतराबरोबर क्षीण होत जातो. म्हणून वाटेंत ठिकठिकाणीं वर्धक बसवावे लागतात. १९१५ सालीं न्यूयॉर्क व सॅनफ्रॅन्सिस्को हीं शहरें याच साधनानें एकमेकांशीं बोलूं लागलीं. परंतु वर्धक आवाज वाढवितो तसा त्यांत स्वतःचा दोषहि मिसळतो आणि पुढचा वर्धक तो दोषहि वाढवितो. शिवाय निर्वात नळी झिजली किंवा विजेचा दाब बदलला कीं वर्धनहि बदलतें. एकाच तारेवरून अनेक संभाषणें पाठवूं गेल्यास तीं एकमेकांत मिसळत.

बेल प्रयोगशाळेंतील हॅरल्ड ब्लॅक हा तरुण इंजिनिअर या प्रश्नामागें लागला होता. २ ऑगस्ट १९२७ रोजीं सकाळीं नावेंतून हडसन नदी ओलांडून कामावर जात असतां त्यास उत्तर सुचलें व तें त्यानें हातांतील वर्तमानपत्रावरच टिपून ठेवलें. युक्ति अशी कीं, वर्धकांतून बाहेर पडलेल्या संदेशाचा अल्प अंश परत आंत आणावा. पण तो मूळ संदेशांतून वजा होईल अशा उलट रीतीनें. यास निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

समजा, वर्धक संदेश १०,००० पट वाढवितो आणि बाहेर पडलेल्याचा शंभरावा भाग परत येऊन वजा होतो. आतां वर्धनास, त्याच्याच शंभराव्या भागांत एक मिळवून, भागावें. १०,००० भागिले १०१, म्हणजे सुमारें ९९ पट वर्धन उरतें. पुढें नळी झिजून शक्ति निम्म्यावर आली, तरी ५,००० भागिले ५१, म्हणजे सुमारें ९८! कारण बाहेरचा संदेश घटला कीं वजा होणारा अंशहि घटतो व तूट बहुतांशीं भरून निघते. वर्धन किती, हें मग लहरी नळी न ठरवितां, परतीच्या वाटेवरील स्थिर रोधक ठरवितात. नळीनें मिसळलेला दोषहि त्याच प्रमाणांत कमी होतो.

मोठ्या कष्टानें मिळविलेलें वर्धन असें उधळावें, हें पुष्कळांस पटेना. ब्लॅकनें १९२८ सालीं मागितलेलें पेटंट १९३७ सालीं मिळालें. धोकाहि खरा होता. परत येणाऱ्या अंशास विलंब होऊन तो वजा होण्याऐवजीं मिळूं लागला, तर वर्धक स्वतःच किंचाळूं लागतो. हें कधीं घडेल, याची कसोटी हॅरी नायक्विस्ट यानें १९३२ सालीं दिली.

नळ्यांची जागा पुढें ट्रान्झिस्टरनें घेतली; तत्त्व मात्र तेंच राहिलें. शक्तीचा मोठा भाग सोडून दिला, तेव्हांच वर्धक भरंवशाचा झाला.