नवव्या पायरीवरून प्लाऊ लेनला

२९ ऑक्टोबर २००२ रोजी लंडनच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर विम्बल्डन विरुद्ध रॉदरहॅम असा फुटबॉलचा सामना झाला. इंग्लंडमधल्या दुसऱ्या श्रेणीचा, पूर्ण व्यावसायिक खेळाडूंचा सामना. बघायला माणसं आली ८४९. चौदा वर्षांपूर्वी याच क्लबने लिव्हरपूलला हरवून एफए कप उचलला होता.

बाकीचे प्रेक्षक घरी बसले नव्हते. त्या मोसमात ते किंग्स्टनच्या किंग्समेडो या छोट्या मैदानावर जात होते. तिथे एएफसी विम्बल्डन नावाचा, जन्माला येऊन जेमतेम काही महिने झालेला क्लब खेळत होता. खेळाडू दिवसा नोकरीधंदा करणारे, लीग आजच्या मोजणीने नवव्या पायरीची, आणि प्रेक्षक सरासरी तीन हजार. या दोन आकड्यांत पुढच्या सगळ्या कहाणीची गुरुकिल्ली आहे, असं मला वाटतं. या क्लबवर परीकथेच्या सुरात बरंच लिहिलं गेलंय. पण परीकथेत तिकीटविक्रीचा हिशोब नसतो, आणि इथे तोच महत्त्वाचा आहे.

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस, हिरवळ आणि स्ट्रॉबेऱ्या आठवतात. फुटबॉलचं विम्बल्डन त्याच परिसरातलं, पण वेगळ्या घरातलं. १८८९ साली एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी क्लब काढला, १९१२ पासून तो प्लाऊ लेनच्या मैदानावर खेळू लागला. कित्येक दशकं हौशी, नंतर निमव्यावसायिक. १९७५ साली या बिगर-लीग क्लबने एफए कपमध्ये पहिल्या श्रेणीतल्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर हरवलं आणि पुढच्या फेरीत बलाढ्य लीड्सला बरोबरीत रोखलं. त्या सामन्यात पीटर लोरिमरची पेनल्टी अडवणारा गोलरक्षक डिकी गाय एरवी लंडनच्या गोदीत मालाची मोजदाद करायचा. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, क्लबला फुटबॉल लीगमध्ये निवडून घेतलं गेलं. हो, निवडून, तेव्हा वरच्या लीगमध्ये शिरायला नुसतं जिंकून भागत नसे, तिथल्या क्लबांची मतं लागत. १९८६ मध्ये विम्बल्डन पहिल्या श्रेणीत पोचलं. १४ मे १९८८ रोजी वेम्ब्लीवर लॉरी सँचेझने हेडरने गोल केला, डेव्ह बेझंटने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली आणि कप आला.

घसरणीला सुरुवात मैदानापासून झाली. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर टेलर अहवालाने वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर सर्व प्रेक्षकांना बसायला जागा हवी, असा दंडक घातला. जुनाट प्लाऊ लेनला ते झेपणारं नव्हतं. १९९१ मध्ये क्लब ‘तात्पुरता’ सेलहर्स्ट पार्कला, क्रिस्टल पॅलेसचा भाडेकरू म्हणून गेला. भाडेकरूची तात्पुरती सोय किती लांबते, हे मुंबईकरांना सांगायला नको. मधल्या काळात प्लाऊ लेनची जमीन एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. २००० साली क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. मालकांना लंडनपासून सुमारे ९० किलोमीटरवरचं मिल्टन कीन्स दिसू लागलं: नवं, वाढतं शहर, आणि लीगमध्ये खेळणारा एकही क्लब नाही.

२८ मे २००२ रोजी फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन जणांच्या समितीने दोन विरुद्ध एक मतांनी या स्थलांतराला मान्यता दिली. समर्थकांनी नवा क्लब काढून तळापासून सुरुवात करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, अशी शेरेबाजीही निकालात होती. समर्थकांनी नेमकं तेच केलं. दोन दिवसांनी विम्बल्डनमधल्या सभेत क्लब काढायचं ठरलं. २९ जूनला विम्बल्डन कॉमनवर खुली निवड चाचणी ठेवली, तिला २३० जण आले. १० जुलैला सटन युनायटेडशी पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. तो ४-० असा हरले, पण बघायला साडेचार हजारांवर लोक होते.

आता हिशोबाकडे येऊ. इंग्लंडमधली फुटबॉलची उतरंड खूप खोल आहे आणि तिच्यात वर-खाली जायची वाट सगळ्यांना खुली असते. खालच्या पायऱ्यांवर क्लब निमव्यावसायिक असतात. खेळाडू दिवसा कामावर, आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना, हातात थोडंसं मानधन. तिथे साधारणपणे प्रेक्षक मोजायला दोन माणसांची बोटं पुरतात, असं थट्टेने म्हणता येईल. अशा लीगमध्ये दर पंधरवड्याला तीन हजार तिकिटं विकणारा क्लब उतरला. त्यामुळे त्याला चांगले खेळाडू परवडत, आणि यजमान क्लबांचीही चंगळ होई, कारण लीग सामन्याची तिकीटविक्री यजमानाकडे राहते. १७ ऑगस्ट २००२ रोजी सँडहर्स्ट टाउन या चिमुकल्या क्लबच्या मैदानावर एएफसीचा पहिला लीग सामना झाला, त्याला २,४४९ प्रेक्षक होते. एएफसी २-१ असा जिंकला, पण खरी दिवाळी सँडहर्स्टच्या चहाच्या खिडकीवर असणार!

पैसे होते म्हणून जिंकले, असं मात्र म्हणता येणार नाही. पैसेवाले क्लब या पायऱ्यांवर दर दशकात येतात आणि मालकाचा उत्साह संपला की बुडतात. इथे मालक समर्थकच होते. डॉन्स ट्रस्ट या संस्थेत प्रत्येक सभासदाला एक मत, पैसे कितीही घातलेले असोत. एरिक सॅम्युएल्सन हे निवृत्त हिशोबतज्ज्ञ पुढे बरीच वर्षं मुख्य कार्यकारी होते. त्यांचं वार्षिक वेतन एक गिनी. एक पौंडापेक्षा गिनी जरा भारदस्त वाटते, एवढंच त्यांचं कारण.

पहिल्या मोसमात तिसरा क्रमांक आला. दुसऱ्यात ४६ पैकी ४२ सामने जिंकले, चार बरोबरीत सुटले, एकही हरले नाहीत. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात सलग ७८ लीग सामने अपराजित. ब्रिटनच्या वरिष्ठ गटातल्या फुटबॉलमध्ये हा विक्रमच. पुढची लीगही पहिल्याच वर्षी जिंकली. आणि मग गाडी अडली.

तीन मोसम इस्थमियन लीगच्या वरच्या विभागात गेले. त्यातला एक प्रकार निमव्यावसायिक क्लबांचं जगणं छान दाखवतो. २००६-०७ मध्ये एक जुना, अनुभवी खेळाडू संघात घेतला. तो आधी कार्डिफ सिटीकडे नोंदलेला होता. कार्डिफ खेळतं इंग्लिश लीगमध्ये, पण संलग्न आहे वेल्सच्या संघटनेशी, म्हणून त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय बदलीचं प्रमाणपत्र लागत होतं. स्वयंसेवकांच्या कार्यालयात ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. शिक्षा काय, तर १८ गुण वजा! गहजब झाला, अपील झालं आणि कपात तीन गुणांवर आली.

२००७ मध्ये टेरी ब्राउन प्रशिक्षक म्हणून आले. २००८ आणि २००९ अशा लागोपाठ दोन बढत्या मिळाल्या. २०१० पासून खेळाडू पूर्णवेळ झाले. म्हणजे निमव्यावसायिक क्लबची कहाणी तांत्रिकदृष्ट्या इथेच संपते. पण २१ मे २०११ ला वगळून कोणी थांबेल का? मँचेस्टरमधल्या अंतिम प्ले-ऑफमध्ये समोर ल्यूटन टाउन. गोलशून्य बरोबरी, मग पेनल्टी. गोलरक्षक सेब ब्राउनने दोन अडवल्या. शेवटची मारायला कर्णधार डॅनी केडवेल आला. ४-३. नऊ मोसमांत पाच बढत्या, आणि क्लब फुटबॉल लीगमध्ये.

तोवर मिल्टन कीन्सला गेलेला क्लब एमके डॉन्स झाला होता. एफए कपच्या प्रतिकृतीसह जुन्या विम्बल्डनचा वारसा त्याने २००७ मध्ये विम्बल्डनच्या स्थानिक मर्टन नगर परिषदेकडे सुपूर्द केला. मराठी वाचकाला हे स्थलांतर परकं वाटू नये. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी गुंडाळला गेला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. त्याआधी २०१० मध्ये मुंबईचा महिंद्र युनायटेड, एकदा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, कंपनीच्या एका निर्णयाने बंद झाला. बालेवाडीच्या किंवा कुपरेजच्या प्रेक्षकाला नवा क्लब काढून तळापासून चढत यायची शिडीच आपल्याकडे धड नव्हती. इंग्लंडमधल्या समर्थकांची जिद्द मोठी खरीच, पण ती लावायला त्यांना जागा होती, हे विसरून चालणार नाही.

२०१६ मध्ये एएफसी विम्बल्डनने वेम्ब्लीवर प्लिमथला २-० हरवून तिसरी श्रेणी गाठली. घरी परतायचं मात्र राहिलं होतं. जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर कुत्र्यांच्या शर्यतींचं स्टेडियम होतं, त्या जागेवर नवं प्लाऊ लेन उभं राहिलं. बांधकामाच्या मध्यावर, २०१९ च्या अखेरीस, पैशांत मोठा खड्डा निघाला. मालकीचा मोठा हिस्सा बाहेरच्यांना विकावा, असा विचार पुढे आला. सभासदांनी त्याऐवजी रोखे काढले आणि पाच दशलक्ष पौंडांवर रक्कम जमा केली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी डॉनकॅस्टरविरुद्ध पहिला सामना २-२ असा सुटला. करोनामुळे स्टँड रिकामे होते. २०२२ मध्ये क्लब चौथ्या श्रेणीत घसरला आणि मे २०२५ मध्ये वॉल्सलला १-० हरवून पुन्हा वर आला.

नव्या स्टेडियमच्या पैशांतला एक वाटा आला कुठून, हे कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही. किंग्समेडो मुळात किंग्स्टोनियन या जुन्या क्लबचं घर. तो आर्थिक गर्तेत गेला तेव्हा मैदानाचा भाडेपट्टा एएफसी विम्बल्डनने २००३ मध्ये घेतला आणि किंग्स्टोनियन आपल्याच घरात भाडेकरू झाला. पुढे एएफसीने मैदान चेल्सीला विकलं, आज तिथे चेल्सीच्या महिला संघाचे सामने होतात. किंग्स्टोनियन २०१७ मध्ये बाहेर पडला. आधी लेदरहेडला, मग टॉलवर्थला, दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत राहिला. किंग्स्टनमध्ये त्याला स्वतःचं मैदान काही मिळालं नाही, आणि त्यावर निकाल द्यायला कोणती समितीही बसली नाही.