घराघराचा सांकेतांक

आयर्लंडमधील खेड्यांची रचना आपल्या खेड्यांहून निराळी आहे. आपल्याकडे घरे गावठाणात दाटीने उभी असतात. तेथे ती शेताशेतांतून विखुरलेली दिसतात. अशा प्रत्येक लहान टापूला तेथे ‘टाउनलँड’ म्हणतात. पुष्कळ ठिकाणी घरांना क्रमांक नसतात आणि रस्त्यांना नावेही नसतात. त्यामुळे एका टापूतील साऱ्या घरांचा पत्ता शब्दशः एकच! देशातील सुमारे ३५ टक्के पत्ते असे होते की, ते वाचून नेमके एक घर दाखविता येत नसे.

मग टपाल पोहोचे कसे? त्याचे श्रेय पोस्टमनला दिले पाहिजे. कोणते कुटुंब कोठे राहते, हे त्याला तोंडपाठ असे. परंतु मध्यरात्री धावून येणाऱ्या रुग्णवाहिकेच्या चालकाला ते कसे ठाऊक असणार?

तुम्ही म्हणाल, आता उपग्रह आहेत. मग अडचण कसली? उपग्रहांच्या साहाय्याने आपण पृथ्वीवर कोठे उभे आहोत हे कळते, यात शंका नाही. पण जेथे जावयाचे, ते घर कोणते? घरात कोणी अत्यवस्थ असताना भेदरलेल्या मनुष्याने दूरध्वनीवर अक्षांश-रेखांशांचे लांबलचक आकडे सांगावेत, ही अपेक्षा व्यर्थ होय.

म्हणून जुलै २०१५ मध्ये आयर्लंडने ‘एअरकोड’ नावाची पद्धती सुरू केली. तीत प्रत्येक घराला, इमारतीतील प्रत्येक बिऱ्हाडालासुद्धा, सात अक्षर-अंकांचा स्वतंत्र सांकेतांक मिळाला. डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीचा सांकेतांक ‘डी०१ एफ५पी२’ असा आहे. (१९१६ च्या उठावात स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला तो याच कचेरीसमोर.) पहिली तीन चिन्हे टपालाचा विभाग दाखवितात, उरलेली चार त्या एका पत्त्याची. शून्य आणि ‘ओ’ यांची गफलत होऊ नये, म्हणून ‘ओ’ हे अक्षर मुळीच घेतलेले नाही.

येथे आपल्या ‘पिन’ची आठवण होते. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडिताने ती पद्धती योजली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. पिंपळगाव नावाची गावे आपल्याकडे किती आहेत! त्यांतील नेमके कोणते, हे सहा आकडे सांगतात. पहिला आकडा ४ दिसला की, पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडचे, हे जाणकाराला तत्काळ उमगते. मात्र पिन पत्राला टपाल कचेरीपर्यंतच नेतो. घर पोस्टमनने शोधावयाचे.

एअरकोड दारापर्यंत नेतो. पण त्याच्या शेवटच्या चार चिन्हांत कोणताही क्रम नाही. शेजारच्या दोन घरांच्या या चार चिन्हांत काहीही साम्य नसते. मध्ये नवे घर बांधले गेले तर ओळीने दिलेली मालिका बिघडेल, म्हणून हे हेतुपुरस्सर केलेले आहे. यावर मालवाहतूकदारांनी आणि अग्निशमन दलातील काही जणांनी कडाडून टीका केली. यंत्र बंद पडले तर हा सांकेतांक मुका, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. आरंभी तर अनेक यंत्रांनाही तो ओळखता येईना; गूगलच्या नकाशांत तो २०१६ साली आला.

भारताच्या टपाल खात्याने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ काढला, तो वेगळ्या वाटेने. देशाच्या भूमीचे सुमारे चार मीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांची खूण दिली आहे. ती अक्षांश-रेखांशांवरूनच गणिताने निघते. त्यामुळे ओसाड माळाला आणि शेतातील विहिरीलाही डिजिपिन आहे. आयर्लंडमधील मोकळ्या कुरणाला मात्र एअरकोड नाही. उलट, एकावर एक असलेल्या बिऱ्हाडांना डिजिपिन एकच येतो. तेथे पोस्टमनला मजला विचारावाच लागेल.