स्तनकर्करोगाची कारणमीमांसा : उंदरावरील प्रयोग आणि मानवाविषयीचे अनुमान

एखाद्या घराण्यात स्तनाचा कर्करोग पुनःपुन्हा आढळला, तर त्याचे मूळ कशात आहे हे केवळ निरीक्षणाने ठरविता येत नाही. माता आपल्या कन्येला जनुके देते, दूध पाजते आणि बहुधा स्वतःच्याच परिस्थितीत तिला वाढविते. ही तीन सूत्रे मानवात एकमेकांत गुंतलेली असतात. ती सोडविण्याचे साधन म्हणून प्रयोगशाळेतील उंदराला महत्त्व प्राप्त झाले.

भावंडांचा संकर अनेक पिढ्या घडवून सिद्ध केलेल्या उंदरांच्या काही वंशांत स्तनार्बुदे विपुल होतात, तर काहींत क्वचितच. अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी रोगप्रवण वंशाची नवजात पिल्ले दुसऱ्या वंशाच्या मादीच्या अंगावर वाढविली. त्या पिल्लांत अर्बुदांचे प्रमाण फार घटले, असे त्यांनी १९३६ साली प्रसिद्ध केले. जनुके तीच राहून केवळ दूध बदलले होते. तेव्हा दुधातून काही घटक संक्रमित होत असला पाहिजे, हे उघड झाले. हा घटक म्हणजे विषाणू होय. तो आपल्या जननद्रव्याची प्रत पेशीच्या डीएनएमध्ये घुसवितो व शेजारची वृद्धिकारक जनुके जागृत करितो. तथापि विषाणू हेच एकमेव कारण नव्हे. १९३२ साली फ्रान्समध्ये लाकासान्य यांनी स्त्रीमदजन टोचून नर उंदरांतही स्तनार्बुदे उत्पन्न केली होती. वंश, विषाणू आणि संप्रेरके यांच्या संयोगाने रोग उद्भवतो, असा या प्रयोगांचा निष्कर्ष होता.

मुंबईत या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी केला. रोगप्रवणता भिन्न असलेल्या वंशांच्या निरोगी स्तनग्रंथींची रचनाच त्यांनी तुलनेने तपासली. कारण अर्बुद दिसू लागण्यापूर्वी ग्रंथीत काय घडते, हा खरा प्रश्न होता. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रणदिवे यांनी भारतातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर पेशी वाढविता आल्याने संप्रेरकांचा वा विषाणूचा पेशीवरील परिणाम स्वतंत्रपणे पाहणे शक्य झाले.

उंदरावरील निष्कर्ष मानवाला कितपत लागू पडतो, हा प्रश्न याच नगरीत तीव्रतेने उभा राहिला. मुंबईच्या पारशी स्त्रियांत हा रोग अधिक आढळतो. १९७१ साली त्यांच्या दुधात विषाणुसदृश कण आढळल्याचे प्रसिद्ध झाले. उंदराचा नियम जसाच्या तसा स्वीकारला असता, तर मातेचे दूधच संशयास्पद ठरले असते. परंतु मानवी स्तनकर्करोग दुधातील विषाणूने होतो, असे सिद्ध झाले नाही. उलट २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३० देशांतील ४७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की, स्तनपानाच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे मातेचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. आनुवंशिकतेचा धागा मात्र दृढ ठरला : बीआरसीए-१ हे जनुक १९९४ साली, तर बीआरसीए-२ हे १९९५ साली विलग करण्यात आले.

सारांश, उंदराने कारणांची फोड करण्याची रीत शिकविली. त्यांपैकी कोणते कारण मानवात प्रभावी आहे, याचा निर्णय मानवी समाजाच्या अभ्यासानेच करावा लागला. प्रायोगिक प्राण्यावरून अनुमान काढणाऱ्या प्रत्येक संशोधकाने हा विवेक बाळगणे अगत्याचे आहे.