विजेच्या गाडीचं पायताण

“किती मारू? बत्तीस?” हवेची नळी हातात घेऊन सांगली जिल्ह्यातल्या पलूसचा टायरवाला हे विचारतो, तेव्हा तो उत्तरासाठी फारसा थांबत नाही. लहान गाडीला बत्तीस, हा त्याच्या हाताला बसलेला हिशेब आहे. विजेवरची गाडी पुढ्यात आली की हा हिशेब चुकतो. ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचं स्टिकर वाचावं लागतं, आणि त्यावरचा आकडा बत्तीसच्या पुढचा असू शकतो. जॅकही दिसेल तिथे लावून चालत नाही. गाडीच्या पोटाखाली बॅटरी पसरलेली असते, त्यामुळे कडेला कंपनीनं खूण केलेल्या जागीच तो टेकवायचा. आत सरकला तर पोचा पडतो तो बॅटरीच्या पेटीला.

टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 मध्ये बाजारात आली. पहिल्या काही वर्षांत अशा गाड्या घेतलेल्यांपुढे आता एकच प्रश्न आहे: कंपनीतून आलेले टायर गुळगुळीत झाले, आता कोणते टाकायचे?

पलूस तालुक्याला चाकाचं नवल नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली वसवलेली किर्लोस्करवाडी याच तालुक्यात आहे. किर्लोस्करांच्या उद्योगाचं मूळ शोधत गेलं तर आपण 1888 सालच्या बेळगावात, सायकलच्या धंद्यापाशी पोचतो. योगायोग असा, की त्याच वर्षी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरनं हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार हादरायची, एवढंच निमित्त होतं. आज टायरात तारा आल्या, सिलिका आली, पण भार पेलते ती आतली हवाच.

मग विजेच्या गाडीला वेगळा टायर कशाला? पहिलं कारण वजन. बॅटरीमुळे ही गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा शे-दोनशे किलोनं किंवा त्याहूनही जड असते. दुसरं कारण जोर. मोटर सुरुवातीलाच पूर्ण ताकद लावते, त्यामुळे सिग्नल सुटला की टायर रस्त्याला अक्षरशः ओरबाडतो. आणि पाय उचलल्यावर मोटर गाडी आवळून वीज परत बॅटरीत भरते, तो ताणही टायरवरच येतो. नेक्सॉनसारख्या गाडीत ओढणं आणि आवळणं दोन्ही कामं पुढच्या चाकांकडे असल्यानं पुढची जोडी आधी झिजते.

टायरच्या कडेवर त्याची कुंडली छापलेली असते. 215/60 आर16 95एच म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 60 टक्के, रेडियल बांधणी आणि 16 इंची रिम. 95 म्हणजे एका टायरला 690 किलो भार, एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग. त्याच मापात ‘एक्सएल’ (जादा भाराचा) छापलेला 99 आकड्याचा टायर 775 किलो पेलतो. कंपनीनं दिलेल्या आकड्याच्या खाली कधी उतरायचं नाही. कडेवरच वेगळ्या छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक जन्मतारीख सांगतात: 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा.

दुकानात पुढ्यात येणारे पर्याय साधारण चार.

पहिला, कंपनीतून आला तसाच टायर. मुख्य गुण कमी रोलिंग रेझिस्टन्स. टायर रस्त्यावर दबतो, पुन्हा फुलतो, त्यात रबर तापतं आणि वीज वाया जाते. चांगल्या टायरात हा विरोध टनाला सात किलोच्या आसपास असतो, साध्यात दहापर्यंत जातो. म्हणजे दीड टनाच्या गाडीला सतत साडेदहा किलोनं ओढायचं की पंधरा किलोनं, एवढा फरक. एका चार्जिंगमध्ये तो किलोमीटरांत दिसतो.

दुसरा, खास विजेच्या गाड्यांसाठी म्हणून विकला जाणारा. अपोलोचा अँपेरियन, सीएटचा एनर्जीड्राइव्ह, मिशेलिनचा ई-प्रायमसी ही त्यातली नावं. भार, झीज आणि आवाज यांचा विचार करून ते बनवतात. इंजिनाचा आवाज नसल्यानं टायरची घरघर कानाला जास्त लागते, म्हणून काही टायरांच्या आत फोम चिकटवलेला असतो. असा टायर पंक्चर झाला तर आधी फोम कापावा लागतो, मगच आतून पॅच बसतो. हे काम येतं का, ते गावातल्या पंक्चरवाल्याला आधीच विचारलेलं बरं.

तिसरा, त्याच मापाचा साधा टूरिंग टायर. भाराचा आकडा जुळत असेल तर तो चालतो. स्वस्त पडतो, सहज मिळतो. बदल्यात थोडी रेंज जाते.

चौथा, ‘जरा मोठा टाका, गाडी उठून दिसेल’ हा सल्ला. 215/60 ऐवजी 215/65 टाकला तर व्यास 664 वरून 686 मिलिमीटर होतो. स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी 103 नं पळते. रेंज घटते ती वेगळीच. हा सल्ला मानू नये.

आता आपला रस्ता बघा. गळीत हंगामात ट्रॉल्यांतून सांडलेल्या उसाच्या कांड्या, पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर आलेली काळी माती, आणि खड्ड्याच्या कडेवर आपटून टायरला येणारा फुगा. टायरचे गुण अपुऱ्या पांघरुणासारखे असतात: डोकं झाकलं तर पाय उघडे. वीज वाचवावी तर ओल्या रस्त्यावरची पकड सुटते, पकड वाढवावी तर झीज वाढते. सिलिकामुळे 1990 च्या दशकापासून हे पांघरूण थोडं मोठं झालं, पण पुरेसं झालेलं नाही. टायरवरचे बीईईचे, म्हणजे सरकारच्या ऊर्जा-बचत संस्थेचे, तारे वीज-इंधनाच्या बचतीबद्दल बोलतात. चिखलात गाडी किती अंतरात थांबेल ते त्यांवरून कळत नाही.

म्हणून माझा कौल असा. रोज सांगली किंवा कराड गाठणाऱ्यानं कमी विरोधाचा, भाराचा आकडा जुळणारा टायर घ्यावा. बांधावरून, मळ्यातून गाडी नेणाऱ्यानं दहा किलोमीटर रेंज सोडावी आणि पकड व भक्कम कड बघावी. दोनच टायर बदलायचे असतील तर नवी जोडी मागे टाकावी, कारण ओल्या वळणावर मागची बाजू घसरली तर गाडी सावरणं अवघड जातं. नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की टायर संपला, मग तो कितीही महागाचा असो.

आणि दुकानात जाण्याआधी दाराच्या खांबावरच्या त्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. “बत्तीस मारू?” असं विचारलं, की तो दाखवता येईल.