रक्तातल्या खुणा

पोफळीच्या बागेत पाटाने पाणी जाते. पाटाची कड ढासळली, तर आपण ती मातीने लिंपतो. आपल्या धमन्यांचेही तसेच आहे. धमन्यांतून रक्त साऱ्या अंगात जाते. त्यांच्या आत पातळ अस्तर असते. तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह यांनी ते खराब होते. मग तिथे चरबी साचते, वाट अरुंद होते.

हे बाहेरून दिसत नाही, बरीच वर्षे दुखतही नाही. मग कळायचे कसे? रक्तात खुणा सापडतात. अंगात दाह असला की यकृत 'सीआरपी' नावाचे प्रथिन जास्त तयार करते. ते १९३० साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडले. पण साध्या तापातही ते वाढते. म्हणून डॉक्टर त्या एकावर भिस्त ठेवीत नाहीत. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉलही बघतात.

दुरुस्तीच्याही खुणा असतात. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञ आसाहारा व त्यांच्या सोबत्यांनी रक्तात फिरणाऱ्या काही पेशी दाखवल्या. त्या अस्तराच्या डागडुजीला हातभार लावतात, असे दिसले. उतारवयात ही डागडुजी मंदावते.

बांद्यातल्या वडीलधाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच : मशेरी, तंबाखू सोडा. रोज चाला. त्रास नसला तरी वर्षातून एकदा आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब व साखर तपासून घ्या.