जाहिरातीचा पैसा कोणाच्या तिजोरीत?

वाचक अंकाची जी किंमत मोजतो, त्यातून मोठ्या दैनिकांचा कागदाचा खर्चही सहसा निघत नाही. ती जगतात जाहिरातीवर. म्हणूनच जाहिरातीचा पैसा कोठे जातो, हा केवळ व्यापाऱ्यांचा प्रश्न नाही. समाजाला बातमी कोण देणार, असा तो प्रश्न आहे.

२०२४ मध्ये जगाच्या जाहिरातखर्चाने प्रथमच एक लाख कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. म्हणजे पैसा आटलेला नाही, त्याने वाट बदलली आहे. २०१७ च्या सुमारास इंटरनेटने टीव्हीला मागे टाकले. २०२४ या एका वर्षात गुगलच्या मालक कंपनीने जाहिरातींतून सुमारे २६ हजार कोटी, तर फेसबुकच्या मालक कंपनीने सुमारे १६ हजार कोटी डॉलर मिळविले. जगाच्या जाहिरातखर्चाचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा या दोघांचाच!

उलट अमेरिकेतील वृत्तपत्रांचे जाहिरात-उत्पन्न २००५ मध्ये ४,९०० कोटी डॉलरच्या घरात होते. २०२० मध्ये ते हजार कोटींच्याही खाली आले. नोकरी, घरभाडे, जुन्या वस्तू यांच्या छोट्या जाहिराती आधी गेल्या, मागोमाग मोठ्या. २००५ नंतर तेथील तीन हजारांहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली. त्यांतील बहुसंख्य गावोगावची साप्ताहिके होती. नगरपालिकेच्या कारभारावर आता नजर कोण ठेवणार?

हा काळाचा महिमा आहे, असे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. इंटरनेटवर पान उघडताच त्यावरील जाहिरातीच्या जागेचा क्षणार्धात लिलाव होतो. जागा विकणाऱ्याचा दलाल गुगल, घेणाऱ्याचा दलालही गुगल आणि लिलावाचा बाजारही गुगलचाच! वादीचा वकील, प्रतिवादीचा वकील आणि न्यायाधीश एकच असेल तर न्याय कसला? एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने या बाजारातील गुगलची मक्तेदारी बेकायदेशीर ठरविली. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्येच या कंपन्यांनी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा म्हणून कायदा केला. कॅनडाने तोच मार्ग धरला, तेव्हा २०२३ मध्ये फेसबुकने तेथे बातम्याच बंद केल्या. भारतात स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला.

१९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. तेव्हा नकार देणारा निदान समोर दिसत होता. आज लिलावाचे नियम आणि दलालीचा हिशेब वृत्तपत्राला दिसतच नाही. कायद्याकडे पहिली मागणी हीच हवी: हिशेब उघडा करा!